भूमिगत कोळसा खाणीत छत कसे सांभाळावे : नव्याने खाली उतरणाऱ्यांसाठी

वणी, माजरी, भद्रावती, बल्लारपूर, राजुरा किंवा उत्तरेकडे सावनेर, सिल्लेवाडा या पट्ट्यात ज्या घरांची शेती कोळशाच्या प्रकल्पात गेली आणि तिच्या बदल्यात घरातील एकाला नोकरी लागली, त्यांतील बहुतेक मुले उघड्या खाणीवर रुजू होतात. थोड्यांच्या वाट्याला भूमिगत खाण येते. प्रशिक्षण केंद्रात त्यांना कॅप लॅम्प, सेल्फ रेस्क्यूअर (विषारी वायूपासून वाचवणारे श्वसन-साधन), वायू, सुरुंग आणि छत यांविषयी सांगितलेले असते. परंतु पहिल्या पाळीला इनक्लाइनने (उताराच्या बोगद्याने) उतरून गेल्यावर डोक्यावरच्या दगडात नेमके काय पाहायचे, हे उमगायला वेळ लागतो. तो वेळ थोडा कमी व्हावा एवढ्यासाठी हा लेख आहे. मायनिंग डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनाही त्यातील हिशेब उपयोगी पडतील. छत तपासून कामाची परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने मायनिंग सरदार आणि ओव्हरमन या पाळीवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा आहे व तो त्यांचाच राहतो. नवख्याने हे सर्व शिकायचे ते त्यांच्या सूचनेमागचे कारण कळावे म्हणून.

एक समज आरंभीच बाजूला ठेवावा लागेल. धाब्याच्या घराचे छत जसे सागवानी तुळयांवर आणि खांबांवर टेकलेले असते, तसेच खाणीचे छतही आपण लावलेल्या खांबांवर टेकलेले आहे, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात १४० मीटर खोलीवर वरचा दगड प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३५० टन भार टाकत असतो, आणि कोणताही लाकडी किंवा लोखंडी खांब हे ओझे पेलू शकत नाही. ते ओझे पेलतात कोळशाचे पिलर, म्हणजे न काढता जागीच राखलेले कोळशाचे जाड ठोकळे. आणि दोन पिलरांच्या मधला, म्हणजे गॅलरीच्या (खोदलेल्या बोगद्याच्या) वरचा दगड पुलासारखा दोन बाजूंवर टेकून स्वतःला स्वतःच धरून ठेवतो. आधाराचे काम एवढेच असते की त्या दगडाचे थर एकमेकांपासून सुटू नयेत. थर एकदा सुटले की नंतर लावलेला आधार फक्त सुटलेल्या दगडाचे वजन झेलतो, आणि तेही जमले तर. म्हणून या कामात आधार किती लावला याइतकेच तो केव्हा लावला याला महत्त्व आहे.

बोगद्याचा आकार का बदलतो

आपल्याकडचा कोळसा गोंडवन समूहाच्या बराकर थरांत सापडतो. पर्मियन काळात, २५ कोटी वर्षांहूनही आधी, दलदलीत साचलेल्या वनस्पतींपासून तो तयार झाला. त्याच्या वर-खाली वालुकाश्म, शेल (पापुद्र्यांचा चिखलदगड) आणि चिकणमातीचे थर आहेत, त्यांच्याही वर कामठी गावाच्या नावाने ओळखला जाणारा कामठी वालुकाश्म आहे, काही भागांत दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, आणि सर्वांत वर आपली कपाशीची काळी माती. वर्धा खोऱ्यातील मुख्य कोळसा थर अनेक ठिकाणी इतका जाड आहे की तो पूर्ण उंचीने एकदम काढता येत नाही. त्याचे वरचा, मधला, खालचा असे भाग पाडून काम चालते. त्यामुळे एकाच खाणीत गॅलरीचे छत कुठे कोळशाचे, कुठे शेलचे, तर कुठे मध्येच चार बोटे मातीचा पट्टा असलेले दिसते. दुसऱ्या खाणीतल्या मित्राने सांगितलेला अनुभव आपल्या खाणीला जसाच्या तसा लागू करू नये, याचे कारण हेच आहे.

खोदण्यापूर्वी हा सारा दगड चारही बाजूंनी दाबलेला असतो. गॅलरी खोदली की तिच्या जागेचा दाब दोन्ही बाजूंच्या पिलरांवर सरकतो आणि भोवतालचा दगड रिकाम्या जागेकडे ढळू लागतो : छत लवते, बाजू आत फुगून सुटतात, तळ वर येतो. थोडी हालचाल अटळच असते. ती काही दिवसांत मंदावून थांबली पाहिजे, एवढेच आपण पाहायचे.

लवणाऱ्या छताचा हिशेब एकदा डोक्यात बसला की पुढचे बरेच सोपे होते. छतातील एक थर म्हणजे दोन टोकांना घट्ट धरलेली पट्टी, असे मानू. स्वतःच्या वजनामुळे तिच्यात निर्माण होणारा ताण गॅलरीच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तिची लवण (मध्यभागी खाली वाकण्याचे माप) रुंदीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ४.२ मीटरची गॅलरी ४.८ मीटर झाली, म्हणजे केवळ दोन फूट रुंदावली, तर ताण सुमारे ३१ टक्क्यांनी आणि लवण सुमारे ७१ टक्क्यांनी वाढते. सुरुंगाने बाजू जास्त फुटली आणि गॅलरी नकाशापेक्षा रुंद झाली, तर नकाशावर काहीच बदललेले दिसत नाही; छताला मात्र तो फरक लगेच कळतो.

जाडीचे गणित याच्या उलट, आणि आपल्या बाजूचे आहे. प्रत्येकी १५ सेंटिमीटर जाडीचे चार थर सुटे असतील तर प्रत्येक थर आपापला लवतो. तेच चार थर एकमेकांवरून सरकणार नाहीत असे घट्ट जखडले, तर ६० सेंटिमीटरची एकच पट्टी तयार होते, तिची लवण सोळा पटींनी कमी होते आणि ताण एक चतुर्थांश होतो. पऱ्हाटीची सैल मोळी उचलताना मधोमध वाकते, कारण काड्या एकमेकींवरून सरकतात. तीच मोळी आवळून बांधली की ताठ राहते. रूफ बोल्ट, म्हणजे छतात भोक पाडून घट्ट बसवलेली लोखंडी सळई, ही छताची आवळलेली दोरी आहे.

पहिली पायरी : नकाशा आणि योजना पाहून ठेवणे

कोळसा खाण विनियम, २०१७ प्रमाणे प्रत्येक भूमिगत खाणीसाठी छत-नियंत्रण आणि देखरेख यांची लेखी योजना असते. आपण ज्या भागात काम करणार त्या भागाची योजना, तिच्यातील आकृतीसह, कामाच्या जागेजवळ लावलेली असते. ती पहिल्याच दिवशी नीट वाचून काढावी आणि तीन गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात : बोल्टच्या दोन ओळींमधील अंतर, एका ओळीतील बोल्टांची संख्या व लांबी, आणि फेसपासून (कोळसा कापला जातो त्या समोरच्या भिंतीपासून) शेवटच्या ओळीपर्यंत चालणारे जास्तीत जास्त अंतर. हे आकडे प्रत्येक खाणीत निराळे असतात.

बोर्ड अँड पिलर, म्हणजे गॅलऱ्या खोदत मध्ये पिलर राखण्याच्या, पद्धतीत गॅलरीची रुंदी ४.८ मीटरपेक्षा आणि उंची ३ मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पिलर केवढा ठेवायचा हे खोली आणि गॅलरीची रुंदी पाहून ठरते. ४.८ मीटर रुंदीच्या गॅलरीसाठी ६० मीटर खोलीपर्यंत दोन पिलरांच्या केंद्रांतील अंतर किमान १९.५ मीटर, ९० ते १५० मीटर खोलीसाठी २५.५ मीटर, तर १५० ते २४० मीटरसाठी ३४.५ मीटर ठेवावे लागते. यामागचे गणित घरी करून पाहण्यासारखे आहे. केंद्रांतील अंतर २५.५ मीटर आणि गॅलरी ४.८ मीटर असेल, तर पिलरची बाजू २०.७ मीटर उरते. त्याच्या डोक्यावर मात्र २५.५ मीटर बाजूच्या चौकोनाचे ओझे येते. दोन्ही क्षेत्रफळांचे गुणोत्तर सुमारे १.५२ येते, म्हणून १४० मीटर खोलीवर जिथे आधी प्रत्येक चौरस मीटरवर ३५० टन होते, तिथे पिलरवर सुमारे ५३० टन येतात. पिलरच्या कडेचा कोळसा काढून 'थोडासा' माल मिळवण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हा आकडा पुन्हा मांडून पाहावा. २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक खाणीत पिलर साखळीने चिरडत गेले आणि ४३५ कामगार खालीच गाडले गेले. पिलरच्या ताकदीचा पद्धतशीर अभ्यास त्यानंतरच वेगाने सुरू झाला.

कमी खोलीच्या जुन्या खाणींचा प्रश्न वेगळा असतो. तिथे वरचे ओझे कमी, पण वरचा दगडही कमी, आणि खालचे खचणे थेट जमिनीपर्यंत पोहोचते. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक राहते घर जमिनीत गडप झाले, ते जुन्या भूमिगत कामाच्या वर वसलेल्या वस्तीत. खालच्या गॅलरीचा आकार हा वरच्या गावाचाही प्रश्न असतो.

दुसरी पायरी : छत वाचायला शिकणे

या पायरीवर नवख्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण हे ज्ञान पुस्तकात कमी आणि हातात जास्त असते. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही : आधार नसलेल्या छताखाली आधार लावणाऱ्याखेरीज कोणीही जाऊ नये, आणि त्यानेही तात्पुरता आधार उभा केल्याशिवाय जाऊ नये. छत तपासायचे ते शेवटच्या पक्क्या ओळीखाली उभे राहून, लांब सब्बल हातात धरून, पाठीमागे पळायची वाट मोकळी ठेवून.

छत ठोकताना एका हाताने सब्बल मारावी, आणि छत हाताला लागेल इतके खाली असेल तर दुसऱ्या हाताची बोटे छताला टेकवून ठेवावीत. घट्ट दगड खणखणतो. सुटलेला दगड भदभद वाजतो आणि त्याची थरथर बोटांना जाणवते. आवाजावर सर्वस्वी विसंबू नये, हेही तितकेच खरे. सुटलेला थर जाड असेल, समजा अर्धा मीटर, तर तो खणखणीत वाजून फसवतो. मऊ शेल घट्ट असूनही भदभदतो. म्हणून कान, बोटे आणि डोळे या तिघांची साक्ष घ्यावी.

डोळ्यांनी पाहायचे ते असे. छतात गॅलरीच्या दिशेने धावणारी भेग आडव्या भेगेपेक्षा जास्त चिंतेची असते, कारण ती पट्टीचे टोकच कापते. काचेसारखी गुळगुळीत, हात फिरवला तर तेलकट लागणारी तिरपी पाटी दिसली तर ती स्लिप होय. दोन स्लिप वरच्या बाजूला एकमेकींना मिळत असतील तर त्यांच्यामधला दगड पाचरीसारखा निसटून खाली येतो. याहून कपटी म्हणजे छतात दिसणारे गोल वर्तुळ, भोवती कोळशाची पातळ साल असलेले. ते पुरातन झाडाच्या खोडाचे दगड झालेले बूड असते, उलट्या बादलीसारखे वर अरुंद आणि खाली रुंद, आणि ते कोणतीही सूचना न देता सरळ खाली सुटते. असे वर्तुळ दिसले की खडूने खूण करून सरदारांना दाखवावे. त्याच्याखाली उभे राहून ते किती घट्ट आहे याची परीक्षा करू नये.

पाण्याकडे लक्ष ठेवावे. कालपर्यंत कोरड्या असलेल्या बोल्टच्या भोकातून आज थेंब पडू लागला, किंवा थेंब पडत होता तो एकाएकी थांबला, तर वरच्या थरांत कुठेतरी जागा झाली किंवा बदलली आहे असे समजावे. आणि विदर्भात ऋतूंचीही एक खोड आहे. मे महिन्यात पंख्याने आत ओढलेली हवा कोरडी असते आणि शेलचे छत सुकून आकसते. मृगानंतर तीच हवा दमट होऊन आत येते, थंड दगडावर तिचे दव धरते आणि शेल पाणी पिऊन फुगतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात, तसाच हा खेळ छतात चालतो. फरक एवढाच की छतातली प्रत्येक फेरी एक पापुद्रा सोडवून जाते. त्यामुळे हवा आत येण्याच्या मार्गावरची जुनी, 'काही होत नाही' म्हणून विसरलेली गॅलरी जून-जुलैमध्ये मुद्दाम तपासावी. काही ठिकाणी छताला कोळशाची साल मुद्दाम राखून ठेवतात, ती शेलला हवा लागू नये म्हणूनच; ती सौंदर्यासाठी सोललेली बरी, असे कोणी म्हणाले तर ऐकू नये.

सुटलेला दगड दिसला की तो पाडायचा किंवा त्याला आधार द्यायचा, तिसरा मार्ग नाही. पाडताना सब्बल तिरपी धरावी, सरळ डोक्यावर नाही, आणि घट्ट भागाकडून सैल भागाकडे सरकत जावे.

तिसरी पायरी : बोल्ट किती, हे समजून घेणे

आकडे ठरवण्याचे काम तज्ज्ञांचे आहे, परंतु ते कसे ठरतात हे कळले की एक बोल्ट 'वाचवण्याचा' मोह उरत नाही. भारतात छताच्या दगडाला शंभरपैकी गुण देण्याची एक पद्धत धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेने घालून दिली. तिच्यात थरांच्या जाडीला ३०, भेगा-स्लिप अशा रचनेला २५, पाण्याने झिजण्याच्या गुणाला २०, दगडाच्या ताकदीला १५ आणि पाण्याच्या पाझराला १० गुण असतात. ताकदीला केवळ १५ गुण आहेत, हे लक्षात घ्यावे. पातळ थरांचा मजबूत दगड जाड थरांच्या मध्यम दगडापेक्षा वाईट छत ठरू शकतो. ४० ते ६० गुणांचे छत मध्यम समजले जाते, २० ते ४० चे खराब.

या गुणांवरून दर चौरस मीटरला किती टन दगड सुटू पाहील याचा अंदाज काढतात. १.७ मधून गुणांची ०.०३७ पट वजा करायची, गुणांच्या वर्गाची ०.०००२ पट मिळवायची, आणि जे येईल त्याला गॅलरीच्या रुंदीने व दगडाच्या घनतेने गुणायचे. ४५ गुण, ४.२ मीटर रुंदी आणि २.२ घनता घेतली तर कंसातला आकडा ०.४४ येतो आणि भार दर चौरस मीटरला सुमारे ४.१ टन. आता एक बोल्ट ८ टन पेलतो असे धरून एका ओळीत चार बोल्ट लावले, तर ओळींतील अंतर १ मीटर असताना आधार सुमारे ७.६ टन, म्हणजे भाराच्या जवळजवळ १.९ पट मिळतो, अंतर १.२ मीटर केले तर १.६ पट, आणि पाळी संपत आली म्हणून ते दीड मीटर होऊ दिले तर जेमतेम सव्वा पट. गॅलरीत चालणाऱ्याला १ मीटर आणि दीड मीटर यांत डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, म्हणून टेप लावून मोजावे.

जंक्शनवर हा हिशेब पुरत नाही. ४.२ मीटरच्या दोन गॅलऱ्या जिथे मिळतात तिथे कर्णाची लांबी ५.९ मीटर होते, आणि पिलरचे कोपरे झडले की आणखी वाढते. छत पडण्याच्या घटनांत जंक्शनचे नाव वारंवार येते ते यामुळे. जंक्शनला जादा बोल्ट असतात. ते गॅलरी फोडण्याच्या आधी लावलेले असावेत, फोडल्यानंतर नव्हे.

चौथी पायरी : बोल्ट बसवणे

सिमेंट कॅप्सूलचा (भिजवून भोकात सारायच्या सिमेंटच्या कांड्यांचा) बोल्ट बसवताना क्रम असा ठेवावा. सुरुंगाचा धूर निघून गेल्यावर, सरदाराने तपासणी करून छत झाडून, म्हणजे सुटे दगड पाडून, घेतल्यावर आणि तात्पुरते खांब किंवा जॅक उभे केल्यावर ड्रिल लावावे. मधली भोके छताला काटकोनात घ्यावीत. दोन्ही कडांची भोके थोडी बाहेर, पिलरच्या डोक्यावर झुकलेली ठेवावीत, म्हणजे त्यांचे टोक पिलरच्या वरच्या, न लवणाऱ्या दगडात रुतते. ड्रिलच्या दांड्यावर बोल्टच्या लांबीची खूण करावी. भोक आखूड पडले तर प्लेट छताला टेकत नाही आणि लांब पडले तर वरची कॅप्सूल रिकाम्या जागेत वाया जाते. भोकातील चुरा पाण्याने धुऊन काढावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त टाळले जाते, पण चुऱ्यावर बसलेले सिमेंट दगडाला धरत नाही.

कॅप्सूल पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी आणि लगेच वापरावी. सांगितलेल्या संख्येइतक्या कॅप्सूल एकामागून एक भोकात सारून, बोल्ट फिरवत फिरवत वर ढकलावा, जेणेकरून त्याच्या कडांनी सिमेंट मळले जाऊन भोकाच्या तोंडापर्यंत भरून येईल. तोंडाशी सिमेंट दिसलेच नाही तर तो बोल्ट अपुरा समजून शेजारी दुसरा लावावा. शेवटी प्लेट घालून नट घट्ट आवळावा. रेझिन कॅप्सूल असेल तर लवकर घट्ट होणारी आत आणि सावकाश होणारी बाहेर, हा क्रम चुकवू नये. फिरवण्याचे सेकंद उत्पादकाने दिलेले असतात, त्याहून कमी फिरवले तर रेझिन कालवले जात नाही आणि जास्त फिरवले तर घट्ट होऊ लागलेले पुन्हा तुटते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पाळीत आम्ही कॅप्सूल बादलीत भिजत घातल्या आणि जेवायला बसलो. परत आलो तेव्हा त्या हाताला घट्टसर लागत होत्या, तरी भोकात गेल्या, बोल्ट बसले, प्लेटा छताला टेकल्या आणि ओळ दिसायला सुरेख झाली. दुसऱ्या दिवशी खेच-चाचणीत त्या ओळीतील पहिलाच बोल्ट यंत्राचा काटा नीट हलण्याआधी हातात आला. डोळ्यांनी पाहून बोल्टचा भरवसा धरता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. खेच-चाचणी ही कागदपत्रांची औपचारिकता नव्हे. सिमेंटच्या बोल्टने अर्ध्या तासात किमान ३ टन आणि दोन तासांत किमान ५ टन ओढ सहन करावी, असा प्रचलित निकष आहे.

बोल्टच्या जोडीला छत चुरा होऊन गळत असेल तिथे जाळी आणि पट्ट्या लागतात. मोठी स्लिप किंवा फॉल्ट असेल तिथे गर्डर, लाकडी स्लीपरचे चौक किंवा लांब केबल बोल्ट. लाकडी खांब आता कमी झाले आहेत, तरी जुने मिस्त्री एखादा खांब शेजारी असावा असे म्हणत, कारण लाकूड मोडण्यापूर्वी करकरते आणि लोखंड बहुधा गप्प राहते. बोल्टने बांधलेल्या छतात हे बोलके लाकूड नसते. त्याची जागा पुढे सांगितलेल्या मोजमापाने घ्यावी लागते.

बाजू आणि तळ

छताकडे पाहता पाहता बाजूंचा विसर पडतो. पिलरच्या बाजूतून कोळशाचा पापुद्रा सुटून पडला तर दोन नुकसाने होतात : शेजारी उभ्या माणसाला तो लागतो, आणि गॅलरी तेवढी रुंद होऊन वर सांगितलेले चौथ्या घाताचे गणित सुरू होते. फुगलेली बाजू आधी झाडावी, मग तिला आडवे बोल्ट व जाळी द्यावी. पुढे जिथून कोळसा कापायचा आहे तिथे लोखंडाऐवजी फायबरचे बोल्ट वापरतात, म्हणजे यंत्राचे दात तुटत नाहीत.

तळाखाली चिकणमाती असेल तर तळ वर येतो, रुळ वाकडे होतात, ट्रॉली घसरते. अनेक ठिकाणी लोक वर आलेला भाग खणून पुन्हा सपाट करतात आणि महिनाभराने पुन्हा खणतात. खणल्याने मूळ कारण जात नाही, उलट तळाचा उरलेला जाडपणाही कमी होतो. आधी पाणी काढावे : नाली उताराला धरून मोकळी ठेवावी, ड्रिलचे व पंपाचे पाणी गॅलरीत साचू देऊ नये. त्यानंतरही तळ उचलतच असेल तर ते ओझे कुठून येते आहे, पिलर लहान पडला आहे काय किंवा शेजारचा गोफ (कोळसा काढून मागे सोडलेली जागा) दाबतो आहे काय, हे वरिष्ठांनी तपासायचे असते.

पाचवी पायरी : मोजणे

छतातील हालचाल मोजण्याचे सर्वांत साधे साधन टेल-टेल होय. बोल्टपेक्षा बरेच खोल भोक घेऊन त्यात दोन नांगर (दगडात अडकून बसणाऱ्या पकडी) बसवतात, एक बोल्टच्या टोकापाशी आणि एक त्याच्या कितीतरी वर. प्रत्येकाला तार आणि खाली हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांची नळी लटकते. या दोन नळ्यांतील फरक ओळखता आला म्हणजे अर्धे काम झाले. पहिली नळी हलली तर बोल्ट असलेल्या पट्ट्यातच थर सुटत आहेत. तिथे बोल्ट वाढवून किंवा त्यांचे काम सुधारून फायदा होतो. पहिली स्थिर असून दुसरी हलली, तर बोल्टांनी जखडलेला अख्खा पट्टाच वरच्या दगडापासून सुटून खाली येतो आहे. अशा वेळी तेवढ्याच लांबीचे आणखी बोल्ट लावणे व्यर्थ आहे, तिथे लांब केबल बोल्ट किंवा खालून उभा आधार हवा.

दुसरे मोजमाप छत आणि तळ यांतील अंतराचे. छतात व तळात पक्के खिळे बसवून त्यांच्यामधले अंतर दुर्बिणीसारख्या लांबणाऱ्या दांडीने मोजतात. त्यात छताचे लवणे आणि तळाचे उचलणे दोन्ही मिसळलेले असतात. अंतर १२ मिलिमीटरने कमी झाले आणि टेल-टेलमध्ये छत ३ मिलिमीटरच उतरलेले दिसले, तर उरलेले सुमारे ९ मिलिमीटर बहुधा तळाचे आहेत, आणि छताला खांब देत बसण्यापेक्षा नालीकडे पाहणे शहाणपणाचे.

आकडा किती झाला यापेक्षा तो कसा वाढतो आहे हे पाहावे. रोज एकाच वेळी घेतलेली नोंद ४, ५, ५, ५ अशी असेल तर छत स्थिरावले आहे. ०, १, ३, ६ अशी असेल तर आकडा अजून लहान असला तरी वेग वाढतो आहे, आणि वेग वाढणारे छत थांबण्याची वाट पाहू नये. किती मिलिमीटरला जादा आधार आणि किती मिलिमीटरला माणसे मागे, हे तुमच्या खाणीच्या योजनेत लिहिलेले असते. मोजमापाच्या खालून ट्रॉली गेली, धक्का लागला, नळी वाकली, तर तसे लिहावे. आकडा जुळवून लिहू नये.

पिलर काढताना

राखलेले पिलर शेवटी योजनेप्रमाणे काढून घेण्याच्या या कामावर नवख्याला सहसा लगेच घेत नाहीत, त्यामुळे थोडक्यात. येथे छत राखायचे नसून आपल्या मागे ते ठराविक जागी पाडायचे असते. गोफच्या कडेवर दाट आधाराची रेषा असते आणि तिच्या पलीकडे कोणीही जात नाही, विसरलेल्या सब्बलसाठीसुद्धा नाही. गोफ बराच काळ पडला नाही तर तो चांगला आहे असे नसून, लटकत राहिलेल्या दगडाचे ओझे आपल्या पिलरांवर चढत असते, आणि तो एकदम पडला तर हवेचा झोत माणसांना फेकतो. बाजूंतून कट-कट आवाज, छतातून बारीक माती गळणे, खांबांच्या डोक्यावरची लाकडी पाचर चिरडणे, ही निघून जाण्याची वेळ असते. जमिनीवर गाव, नदी किंवा रेल्वे असेल तिथे वाळू पाण्याबरोबर पाइपातून सोडून पोकळी भरतात. तशी भरलेली गॅलरीही वाळूतील पाणी निथरेपर्यंत तपासत राहावी.

पाळी बदलताना

छत पाळीच्या वेळापत्रकाप्रमाणे वागत नाही, आणि बऱ्याच गोष्टी दोन पाळ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात हरवतात. वर जाण्यापूर्वी पुढच्या पाळीच्या माणसाला जागेवर नेऊन दाखवावे आणि रजिस्टरमध्ये सरदारांकरवी नोंद करून घ्यावी. 'छत ठीक' असे लिहिलेली नोंद निरुपयोगी असते. उपयोगी नोंद अशी दिसते (लेव्हल म्हणजे आडवी, डिप म्हणजे उताराची गॅलरी) : सहावी लेव्हल, तिसऱ्या डिपचे जंक्शन, वरच्या नांगराची नळी काल ३, आज ५, उजव्या बाजूच्या दुसऱ्या बोल्टमधून सकाळपासून थेंब, फेसजवळची शेवटची ओळ अपूर्ण, चारपैकी तीन बोल्ट लागले, चौथ्याच्या जागी जॅक उभा आहे, तो काढण्यापूर्वी बोल्ट लावणे.